मदत हवी आहे: अ‍ॅडमिनचा पासवर्ड न देता मुलांना संगणक हायबरनेट करू द्यायचा आहे (डेबियन १२)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी काही संगणक आहेत. त्यांची देखभाल मी बघते. सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स) आणि ग्नोम डेस्कटॉप आहे. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि साधं आहे, अ‍ॅडमिनचे हक्क कोणालाच नाहीत. ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे.

पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. यूपीएसच्या बॅटऱ्या थकल्या आहेत, वीज गेल्यावर जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात हायबरनेट झालं, तर उघडलेल्या पीडीएफ, अर्धी लिहिलेली उत्तरं, टिपणं सगळं आहे तसं डिस्कवर उतरतं आणि वीज आली की तिथूनच पुढे सुरू होतं. सस्पेंडचा इथे उपयोग नाही. त्यात रॅमला वीज लागतच राहते, त्यामुळे बॅटरी संपली की कामही गेलं.

हायबरनेटची तांत्रिक बाजू झाली आहे. रॅम ८ जीबी, स्वॅप विभाजन (डिस्कवरची राखीव जागा, जिथे रॅममधलं सगळं उतरतं) १२ जीबी. संगणक सुरू होताना कोणत्या विभाजनातून उठायचं तेही सांगून ठेवलं आहे. ग्नोमच्या मेनूत हायबरनेटचं बटण नसतं, म्हणून 'सिस्टिमसीटीएल हायबरनेट' ही आज्ञा चालवणारं एक चिन्ह सगळ्यांना करून दिलं आहे.

अडचण फक्त परवानगीची आहे. संगणकावर एकच विद्यार्थी लॉगिन असेल, तर चिन्हावर क्लिक करताच काम होतं. पण आधीचा मुलगा 'स्विच युजर' करून जेवायला गेला असेल आणि त्याच संगणकावर दुसरी मुलगी बसली असेल, तर तिच्यासमोर अ‍ॅडमिनच्या पासवर्डची खिडकी येते. रात्री मी तिथे नसते. ती खिडकी उघडी असतानाच यूपीएस बंद पडतो आणि दोघांचंही काम जातं.

'पीकेअ‍ॅक्शन' (परवानग्यांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं. हायबरनेटची परवानगी आणि इतरांचं सेशन चालू असतानाच्या हायबरनेटची परवानगी, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली, समोर बसलेल्या वापरकर्त्याला मोकळी आहे. दुसरी सगळ्यांनाच अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. शटडाउनच्या बाबतीत हे मला पटतं, कारण त्यात दुसऱ्याचं न जतन केलेलं काम मरतं. हायबरनेटमध्ये मात्र त्याचंही काम वाचतं. आमच्यासारख्या ठिकाणी ही अडवणूक मुलांच्या नुकसानीचीच ठरते.

एका परिचितांनी सुचवलं की 'सुडो'मध्ये (साध्या खात्याला वरच्या अधिकारात आज्ञा चालवू देणारी सोय) सगळ्यांना सिस्टिमसीटीएल खुलं करा. मला ते धोक्याचं वाटतं. त्या एका आज्ञेने कोणतीही सेवा बंद करता येते, शिवाय तिच्या 'एडिट'मधून रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकारात संपादकच उघडतो. मला द्यायचा आहे तो फक्त हायबरनेटचा हक्क, तोही संगणकासमोर बसलेल्यालाच. हे नेमकं कसं करायचं? आणि 'इनहिबिट' (प्रोग्रामने झोपायला केलेली मनाई) धुडकावण्याची तिसरी नोंद दिसते, तीही द्यावी का?

जाणकारांनी कृपया सांगावं. परीक्षा जवळ आल्या आहेत.

---

प्रतिसाद:

ताई, निदान बरोबर आहे आणि सुडोचा मार्ग टाळलात ते उत्तम. हे काम पोलकिटचं, म्हणजे कोणाला कोणती कृती करू द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेचं आहे.

विद्यार्थ्यांचा एक गट करा, समजा 'वाचक'. मग 'ईटीसी' खालच्या 'पोलकिट-१' मधल्या 'रूल्स.डी' फोल्डरमध्ये 'रूल्स' शेपटीची एक छोटी फाइल ठेवा. त्यात जावास्क्रिप्टचं एकच फंक्शन हवं: मागितलेली कृती 'हायबरनेट' किंवा 'हायबरनेट-मल्टिपल-सेशन्स' असेल, मागणारा 'वाचक' गटात असेल, त्याचं सेशन स्थानिक आणि सक्रिय असेल, तर उत्तर 'येस'. बाकी कशालाच उत्तर देऊ नका, म्हणजे मूळचे नियम जागेवर राहतात. स्थानिक आणि सक्रिय या अटी गाळू नका. त्या नसतील तर दुसरीकडून एसएसएचने (नेटवर्कवरून दूरचं लॉगिन) आत आलेला विद्यार्थीही समोरच्याचा संगणक झोपवेल.

नेटवर जुन्या लेखांत पोलकिटच्या जुन्या पद्धतीच्या 'पीकेएलए' फाइलची कृती सापडेल. डेबियन १२ मध्ये त्यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर त्या फाइलकडे कोणी बघतही नाही. त्या वाटेला जाऊ नका.

इनहिबिटची नोंद देऊ नका. मध्येच थांबलं तर बिघडेल असं काम चालू असताना एखादा प्रोग्राम झोपायला मनाई करतो. ती मनाई मोडण्याचा हक्क अ‍ॅडमिनकडेच बरा.

तपासायला दोन खाती उघडी ठेवा आणि साध्या खात्यातून 'बससीटीएल' या आज्ञेने लॉगिनडीला (लॉगिन आणि झोपवणं सांभाळणारी सेवा) 'कॅनहायबरनेट', म्हणजे हायबरनेट करता येईल का, असं विचारा. आता 'चॅलेंज' (म्हणजे पासवर्ड लागेल) येत असेल, नियमानंतर 'येस' यायला हवं.

एखाद्या यूपीएसला यूएसबीची तार असेल आणि यूपॉवर (बॅटरीवर लक्ष ठेवणारी सेवा) त्याला ओळखत असेल, तर मुलांवरही विसंबू नका. यूपॉवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'क्रिटिकलपॉवरअ‍ॅक्शन' म्हणून ओळ असते, तिथे 'हायबरनेट' लिहा. बॅटरी तळाला गेली की तो स्वतःच झोपवतो, तिथे वापरकर्त्याच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही.

---

धागाकर्ती:

मनापासून आभार! नियम टाकला. दोन सेशन उघडी असताना एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर हायबरनेट केलं, पासवर्ड विचारला नाही. उठल्यावर कुलूपबंद पडदा आला आणि दोघांच्याही खिडक्या जशाच्या तशा होत्या. एसएसएचवरून मात्र पासवर्ड मागितला, म्हणजे अटी लागू झाल्या आहेत. आमच्या यूपीएसना यूएसबी नाही, त्यामुळे तूर्तास चिन्हावरच भिस्त.

एका नव्या संगणकावर मात्र 'कॅनहायबरनेट'चं उत्तर 'एनए' येतं. स्वॅप आणि नियम बाकीच्यांसारखेच आहेत.

---

प्रतिसाद:

'एनए' म्हणजे परवानगीचा प्रश्न नव्हे, यंत्रणाच हायबरनेट नाही म्हणते आहे. नव्या संगणकात सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असणार. तसं असलं की डेबियनचा कर्नल (प्रणालीचा गाभा) लॉकडाउनमध्ये, म्हणजे कडक निर्बंधांत जातो आणि हायबरनेट बंद करतो, कारण डिस्कवरची ती प्रतिमा मधल्या काळात कोणी बदलली नाही याची त्याला खात्री देता येत नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं तर चालेल. पण तो संगणक कार्यालयीन कागदपत्रांचा असेल तर तसाच ठेवा, आणि मुलांना दुसऱ्यांवर बसवा.