लिंक येते, शीट उघडत नाही – आपापले उपाय इथे लिहा

नाणेघाट

गणपतीची वर्गणी, सोसायटीचा मेन्टेनन्स, शाळेची पटयादी, सगळंच आता गूगल शीटवर असतं. आज एका ग्रुपवर पुन्हा "लिंक उघडत नाहीये" आणि त्याखाली नेहमीचाच सल्ला: "कॅशे क्लिअर करा." (कॅशे म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी पानं.) जुन्या सगळ्या भानगडी आठवल्या, म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं एवढंच की ब्राउझरला हात लावण्याआधी स्क्रीनवर काय लिहून आलंय ते नीट वाचा. "यू नीड ॲक्सेस" आलं असेल तर नेट ठीक, ब्राउझर ठीक, लिंकही ठीक. फाइलने तुम्हाला ओळखलेलं नाही, बस. तिथे कॅशे पुसून काहीही होत नाही.

बहुतेक वेळा घोळ खात्याचा असतो. क्रोममध्ये दोन जीमेल उघडी असतील तर ज्यात आधी लॉगिन केलं ते मुख्य धरलं जातं आणि लिंक त्यातूनच उघडते. शीट शेअर केलीय घरच्या जीमेलवर आणि उघडतेय ऑफिसच्या खात्यातून, मग नकार येणारच. पत्त्यात "यू" आणि पुढे ० किंवा १ असा आकडा दिसला तर तो खात्याचा क्रमांक असतो. ० म्हणजे पहिलं, १ म्हणजे दुसरं. उजवीकडे वरच्या गोल फोटोवर क्लिक करून खातं बदला. नकाराच्या पानावरही खातं बदलायची सोय असते.

पडताळा घ्यायचा तर इन्कॉग्निटो खिडकी उघडा, एकाच खात्याने लॉगिन करा आणि लिंक चिकटवा. उघडली तर दोष खात्यांच्या सरमिसळीत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम). कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक खात्याला क्रोमचं वेगळं प्रोफाइल. कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) वेगळ्या राहतात, गोंधळच होत नाही.

---

दुपारचा चहा

फोनवाल्यांसाठी. व्हॉट्सॲपवरून लिंक दाबली की ती शीट्स ॲपमध्ये जाते आणि ॲपमध्ये जे खातं चालू असेल तेच वापरते. क्रोममध्ये खातं बदलून उपयोग नाही, ॲपमधल्या गोल फोटोवरूनच बदलायचं. नाहीतर लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा, क्रोममध्ये चिकटवा.

दुसरं, अर्धवट कॉपी झालेली लिंक. पत्त्यात "डी" नंतरच्या तिरक्या रेघेपासून "एडिट"च्या आधीच्या रेघेपर्यंत जी लांबलचक अक्षरं असतात ती फाइलची ओळख, साधारण ४४ अक्षरं. त्यातलं एक जरी गळलं तरी "द फाइल यू हॅव रिक्वेस्टेड डज नॉट एक्झिस्ट" असं येतं. मालकाने फाइल कायमची उडवली असेल तरी हेच वाक्य. ट्रॅशमध्ये असेल तर ३० दिवसांच्या आत मालक परत आणू शकतो, नंतर नाही. म्हणून आधी पूर्ण लिंक पुन्हा मागवा.

---

मार्चअखेर

मालकाच्या बाजूने पण बघा ना. शेअर बटण, खाली जनरल ॲक्सेस. तिथे "रिस्ट्रिक्टेड" असेल तर यादीत नाव असलेल्यालाच उघडते. यादीतला पत्ता अक्षर लावून तपासा. जीमेलच्या नावातल्या टिंबाने फरक पडत नाही, पण "डॉट कॉम"चं "डॉट कॉन" झालं की संपलं. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या खात्यातली शीट असेल तर बाहेरच्यांना देणं ॲडमिननेच बंद केलेलं असू शकतं. तिथे मालकाच्याही हातात काही नसतं.

आणि एक गोष्ट पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. मालकाची १५ जीबी जागा भरून मर्यादेबाहेर गेली की त्याची शीट तो तर नाहीच, दुसरं कुणीही एडिट करू शकत नाही, कॉपीही काढू शकत नाही. ग्रुपमधले वीस जण आपापला ब्राउझर तपासत बसतात आणि अडचण असते खजिनदारांच्या फोनमधल्या व्हिडिओ बॅकअपची. ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो तिघांची जागा एकच आहे. आधी ट्रॅश रिकामा करायला सांगा, मग जीमेलमधली मोठी अटॅचमेंट्स.

---

सुगरण

@मार्चअखेर बाप रे, हे माहीत नव्हतं. आमच्या भिशीच्या शीटचं हेच झालं असणार. ताईंना फोन लावते.

---

की-बोर्ड

कॅशेबद्दल कळकळीने सांगतो, कारण यात लोकांचं काम जातं. शीटच्या नावाशेजारी बघा. ढगात बरोबरची खूण आणि "सेव्ह्ड टू ड्राइव्ह" असेल तर निर्धास्त. "सेव्ह्ड टू धिस डिव्हाइस" दिसत असेल तर तुमचे बदल अजून त्या कॉम्प्युटरवरच आहेत, ड्राइव्हवर पोचलेले नाहीत. अशा वेळी साइट डेटा पुसला की ते बदल गेले, व्हर्जन हिस्टरीतही सापडणार नाहीत. आधी नेट आणा, खूण बदलू द्या. नेट येतच नसेल तर निदान तो भाग निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवा.

त्यानंतर पुसायचंच असेल तर सगळी हिस्टरी पुसू नका. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, कुकीज अँड साइट डेटा, आणि फक्त गूगल डॉक्सचा डेटा काढा. बँकेचं, रेल्वेचं लॉगिन शाबूत राहतं. त्याच्याही आधी कंट्रोल-शिफ्ट-आर करून बघा, कितीदा तेवढ्यावर भागतं.

"ट्राइंग टू कनेक्ट" असं सतत येत राहिलं तर ड्राइव्हच्या सेटिंगमधून ऑफलाइन काही वेळ बंद करून बघा. इथेही खूण तपासूनच.

---

तिरकी रेघ

खातं बरोबर, परवानगी आहे, तरी शीट फिरतच राहते आणि "पेज अनरिस्पॉन्सिव्ह" येतं, अशांसाठी.

गूगल शीटची मर्यादा १ कोटी सेल, म्हणजे चौकटी (मार्च २०२२ च्या आधी ५० लाख होती). रिकामे सेलही यात मोजले जातात, लोक हेच विसरतात. ५०,००० ओळी × ४० रकाने म्हणजे २० लाख. असे पाच टॅब केले की भरलं. मर्यादेच्या बरीच आधी जुन्या लॅपटॉपला धाप लागते. शेवटच्या भरलेल्या ओळीखालची ओळ तिच्या क्रमांकावरून निवडा, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण, राइट क्लिक, डिलीट. उजवीकडच्या रिकाम्या रकान्यांचंही तसंच.

मग सूत्रं. इम्पोर्टरेंजची साखळी, म्हणजे एक शीट दुसरीतून ओढते, दुसरी तिसरीतून. यात मधल्या एकीची परवानगी गेली की पुढे सगळीकडे रेफ एरर. तो सेल निवडला की "अलाव ॲक्सेस" बटण येतं, ते मूळ शीट बघायची परवानगी असलेल्यानेच दाबायचं. नाऊ (आताची वेळ) आणि रँड (कुठलाही आकडा) ही सूत्रं असतील तर फाइल → सेटिंग्ज → कॅल्क्युलेशनमध्ये "ऑन चेंज अँड एव्हरी मिनिट" असेल ते "ऑन चेंज" करा. कंडिशनल फॉरमॅटिंग पूर्ण रकान्याला लावू नका, जेवढा डेटा तेवढ्यालाच.

शीट अजिबातच उघडत नसेल तर पत्त्यातलं "एडिट" आणि त्यापुढचं सगळं काढून तिथे "प्रीव्ह्यू" लिहा. वाचण्यापुरती हलकी प्रत दिसते. "एडिट"च्या जागी "एक्सपोर्ट, प्रश्नचिन्ह, फॉरमॅट बरोबर एक्सएलएसएक्स" असं मोकळी जागा न सोडता लिहिलं (अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत) तर न उघडताच डाउनलोड होते. मालकाने दर्शकांना डाउनलोड बंद ठेवलं असेल तर मात्र नाही.

---

भाकरवडी

मेनू दिसतो पण खालची चौकट कोरी किंवा काळी? क्रोम सेटिंग्ज → सिस्टीम → ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद → रीलाँच. चालली तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा. तो अपडेट करा आणि सेटिंग परत चालू करा.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. शीट उघडतेही, पण हळूहळू एकेक गोष्ट बंद पडत जाते. त्यावर ब्राउझरमधला कोणताही उपाय टिकत नाही.

---

सह्यगिरी

@भाकरवडी त्याच जुन्या पीसींचं आणखी एक दुखणं म्हणजे "युअर क्लॉक इज बिहाइंड". तारीख मागे गेली की सुरक्षेचं प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि गूगलच काय, बँकही उघडत नाही. लोक नेटवाल्याला फोन करतात. प्लग काढून ठेवला की दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कडेची पट्टी हलकेच सरकवून सेल काढा, नवीन बसवताना अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी मूळ सेटिंग्ज) तारीख, आणि विंडोजमध्ये वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू. टाइम झोन +५:३० आहे ना तेही बघा.

---

रकाना ए

एक्सेलची फाइल ड्राइव्हवर टाकून शेअर केलेल्यांनो, नावाशेजारी एक्सएलएसएक्सचा शिक्का दिसतो का? दिसत असेल तर ती अजून एक्सेलच आहे. "सेव्ह ॲज गूगल शीट्स" केलं की तिची वेगळी नवी फाइल बनते, लिंकही नवी. जुनी लिंक जुनीच फाइल उघडते. निम्मे लोक जुनीत भरतात, निम्मे नवीत, आणि मग "माझी नोंद कुठे गेली" म्हणून वाद. रूपांतर केलं की जुनीचं नाव बदलून "वापरू नये" करा आणि सगळ्यांचा एडिटचा हक्क काढा.

वनड्राइव्हवरचं: जुनी एक्सएलएस फाइल ब्राउझरमध्ये फक्त वाचायला उघडते, एडिट करायला एक्सएलएसएक्समध्ये बदलावी लागते. मॅक्रोवाली (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम असलेली) फाइल उघडते पण बटणं चालत नाहीत, ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये मॅक्रो धावत नाही. आणि "लॉक्ड फॉर एडिटिंग" आलं तर कुणीतरी डेस्कटॉपच्या जुन्या एक्सेलमध्ये ती उघडी ठेवलीय. बंद करायला सांगा, तरी काही मिनिटं कुलूप राहतं. घाईत दुसरी प्रत काढू नका.

---

ऑफिसातून

फक्त ऑफिसात उघडत नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर अडवतेय ती ऑफिसच्या नेटवरची फायरवॉल. आयटीवाल्यांना नुसतं "शीट चालत नाही" सांगू नका. डॉक्स आणि ड्राइव्ह यांच्या पत्त्यांसोबत जीस्टॅटिक आणि गूगलयूजरकंटेंट हे दोन डोमेनही मोकळे हवेत असं सांगा. पहिले दोन सोडतात आणि मागचे राहतात, मग पान अर्धवट येतं.

---

शाळा सुटली

शीट उघडते पण निम्मी मुलंच दिसतात! पालक घाबरून फोन करतात.

---

तिरकी रेघ

@शाळा सुटली ताई, कुणीतरी साधा फिल्टर लावलाय. तो लावला की सगळ्यांनाच लागतो. डावीकडचे ओळींचे क्रमांक बघा, ४ नंतर एकदम ११ आला की मधल्या लपल्यात, गेलेल्या नाहीत. फिल्टर काढा आणि सगळ्यांना "फिल्टर व्ह्यू" वापरायला शिकवा, तो ज्याचा त्यालाच दिसतो. क्रमांक सलग असून नोंदी नसतील तर मात्र खरंच उडाल्यात. फाइल → व्हर्जन हिस्टरी, वेळ बघून परत आणा.

---

शाळा सुटली

४ नंतर ११च आहे!! धन्यवाद दादा 🙏

---

कचेरी

शीट उघडते पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, हा प्रश्न आमच्याकडे रोजचा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या डीव्ही-टीटी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी यादी असेल तर फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरंच साठलेली असतात, वर फॉन्टचं रूप चढवलेलं. ब्राउझरकडे तो फॉन्ट नसतो, म्हणून खरं ते दिसतं. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे चालणारी मराठी अक्षरं) करूनच अपलोड करा. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेली नावं डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रूपांतरात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. विश्वास, कीर्ती, निर्मला ही तीन नावं बरोबर आली तर बरीचशी यादी बरोबर समजा.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) असेल तर प्रश्न एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं कशी साठवलीत याचा. एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. डेटा → फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८.

---

मार्चअखेर

@कचेरी आणि तिथेच खाते क्रमांकाचा रकाना टेक्स्ट करून घ्यायचा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नीट धरतं, १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. एकदा झाला की त्या फाइलमधून परत मिळत नाही, पासबुकच काढावं लागतं. १२ अंकी आधार ई+११ असा दिसतो, तो मात्र आत शाबूत असतो.

आणि हात जोडून विनंती, "उघडत नाही" म्हणून आधार आणि बँक खाती असलेली शीट "एनीवन विथ द लिंक" करू नका. लिंक कुठवर फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. पत्ते एकेक करून घाला, वेळ लागू दे.

---

सुगरण

ताईंच्या खात्यात १५ पैकी १५.२ जीबी निघाले. लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवून घेतोय. कॉपी नीट झालीय का बघूनच ड्राइव्हवरचे उडवू.

---

दुपारचा चहा

@मार्चअखेर आयएफएससीचं (बँक शाखेचा कोड) पण सांगा की. पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, लोक इंग्रजी ओ टाकतात आणि पेमेंट अडकतं.

---

मार्चअखेर

@दुपारचा चहा हो, आणि एकूण ११ अक्षरं. त्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावून टाका: लांबी ११ आणि पाचवं शून्य, दोन्ही अटी एका अँडमध्ये. लेन (लांबी मोजणारं) आणि मिड (मधलं अक्षर काढणारं) ही सूत्रं वापरायची, मिडच्या तुलनेत शून्य अवतरणात, नाहीतर बरोबर कोडही नाकारला जातो. "रिजेक्ट इनपुट" निवडा, नुसती वॉर्निंग ठेवली तर लोक पुढे जातात.