प्रसूतिकक्ष आणि एनआयसीयूमधलं प्लास्टिक, घातक रसायनं कमी करायची आहेत, सुरुवात कुठून?

विभाग_परिचारिका:
प्रसूतिकक्ष, प्रसूतीनंतरचा वॉर्ड आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) अशा तीन ठिकाणांच्या खरेदीची यादी नव्याने बनते आहे. पीव्हीसी (नळ्या-पिशव्यांचं प्लास्टिक), डीईएचपी (ते मऊ करण्यासाठी मिसळलेलं रसायन) आणि एकदाच वापरून फेकायच्या वस्तू शक्य तिथे कमी करायच्या, पण संसर्गाचा धोका वाढता कामा नये. सगळं एकदम बदलणं जमणार नाही, त्यामुळे क्रम ठरवायचा आहे. कोणत्या नळ्या आधी बदलाव्यात? 'डीईएचपी-फ्री' लिहिलेल्या मालावर किती विसंबावं? बाळाच्या आसपास कोणती जंतुनाशकं नकोत? आणि पुन्हा वापरता येण्यासारखं खरोखर काय आहे? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया तपशिलात लिहा.

फार्मसी_नवजात:
कचऱ्याच्या ढिगात सर्वांत जास्त काय दिसतं यावरून क्रम लावू नका. बाळाच्या शरीरात काय उतरतं यावरून लावा.

मऊ पीव्हीसी नळीच्या वजनात साधारण २० ते ४० टक्के डीईएचपी असतं. ते प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, म्हणून हळूहळू सुटून बाहेर येतं. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज उतरतं. त्यामुळे साधं सलाईन किंवा डेक्स्ट्रोज जाणारी नळी कमी चिंतेची. लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), दूध आणि रक्त जाणारी नळी जास्त चिंतेची. नळी लांब, प्रवाह मंद आणि आसपास ऊब असेल तर प्रमाण आणखी वाढतं. एनआयसीयूत या तिन्ही गोष्टी एकाच बाळाच्या वाट्याला येतात, तेही एक-दीड किलोच्या बाळाच्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या वृषणांच्या वाढीवर परिणाम दिसल्याने अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २००२ मध्ये मुलग्यांच्या बाबतीत पर्यायी साहित्य वापरण्याची सूचना केली. फ्रान्सने तर जुलै २०१५ पासून बालरोग, नवजात आणि प्रसूती विभागांत डीईएचपीच्या नळ्यांवर बंदीच घातली.

म्हणून माझा क्रम असा. सर्वांत आधी टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण) आणि लिपिडची लाइन: पिशवी ईव्हीएची (पीव्हीसी नसलेलं मऊ प्लास्टिक), सेट डीईएचपीविरहित किंवा आतून पॉलिइथिलीनचं अस्तर असलेला. त्यानंतर फीडिंग ट्यूब. मग श्वासाच्या नळ्या आणि सर्किट. रक्ताची पिशवी शेवटी, कारण तिथे डीईएचपी लाल पेशींचं आवरण टिकवायला मदत करतं आणि पिशवी बदलायची तर साठवणुकीचं द्रावणही त्याला जुळणारं लागतं. तो निर्णय रक्तपेढीचा. तोवर एवढं करता येतं की एक्स्चेंज ट्रान्सफ्युजनला (बाळाचं रक्त काढून दुसरं भरताना) शक्य तितकं ताजं रक्त मागवा. पिशवीत जितके दिवस जास्त, तितकं डीईएचपी जास्त. पण डीईएचपीच्या भीतीने रक्त द्यायला उशीर कधीही करू नका.

फीडिंग ट्यूबचं वेगळं सांगते. पीव्हीसीची ट्यूब पोटात राहिली की तिच्यातला मऊपणा देणारा पदार्थ निघून जातो आणि ती ताठ होते. म्हणजे रसायन बाळात गेलं, वर ताठ टोकाने जठराला इजा होण्याचा धोका. पॉलियुरेथेनची ट्यूब शरीराच्या तापमानाला उलट मऊ होते आणि जास्त दिवस ठेवता येते (किती, ते त्या कंपनीच्या सूचनेतच बघा). तिची भिंत पातळ असते, त्यामुळे त्याच फ्रेंच मापात (नळीच्या बाहेरच्या जाडीच्या मापात) आतली पोकळी मोठी मिळते. याचा एक परिणाम वॉर्डात आधीच सांगून ठेवा: सिरिंज नेहमीच्या उंचीवर धरली तर दूध जास्त वेगाने उतरेल, म्हणून थोडी खाली धरा. सिलिकॉन सर्वांत मऊ, पण घालताना दुमडतं आणि मागे ओढून बघताना चिकटून बंद होतं.

लेबलबद्दल: 'डीईएचपी-फ्री' म्हणजे पीव्हीसी नाही असा अर्थ नाही. त्यात टीओटीएम, डीआयएनसीएच असं दुसरं प्लास्टिसायझर (मऊपणा देणारा पदार्थ) असू शकतं. ते डीईएचपीपेक्षा बरं, पण वेगळी गोष्ट आहे. 'लेटेक्स-फ्री'चा तर याच्याशी काहीच संबंध नाही. पुरवठादाराकडून लेखी घ्या: मूळ पॉलिमर कोणता, प्लास्टिसायझरचं नाव काय, आणि वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त डीईएचपी कोणत्या भागात आहे. युरोपच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत हीच मर्यादा आहे. तिच्यावर गेलं तर लेबलवर लिहावं लागतं आणि ते का वापरलं याचं समर्थनही द्यावं लागतं. सेटच्या मुख्य नळीवर थांबू नका. ड्रिप चेंबर, एक्स्टेन्शन, कनेक्टर सगळं विचारा. थ्री-वे (लाइनमधली तीन तोंडांची तोटी) बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो, म्हणजे बीपीए या रसायनापासून बनलेला. शिवाय लिपिड आणि अल्कोहोलने त्याला बारीक तडे जातात, लाइन गळते आणि हवा किंवा जंतू आत जायला वाट मिळते. लिपिडला चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच थ्री-वे घ्या.

संसर्ग_नियंत्रण:
वरच्या क्रमाशी पूर्ण सहमत. जंतुनाशकांचं लिहितो.

फिनॉलिक (फिनॉल गटातलं) जंतुनाशक इन्क्युबेटर आणि बाळाच्या पाळण्याला लावूच नका. अपुरं पातळ केलेलं फिनॉलिक वापरल्याने नवजात बाळांत बिलिरुबिन (कावीळ आणणारा घटक) वाढल्याचं नोंदलेलं आहे. बाळ आत असताना इन्क्युबेटर आतून पुसायचा तर फक्त साबणपाणी किंवा साधं पाणी. जंतुनाशक बाळ हलवल्यावरच. सांगितलेला वेळ ओलं ठेवायचं, मग पाण्याने पुसून कोरडं करून हवा खेळू द्यायची. हे शेवटचं पुसणं घाईत राहून जातं आणि नेमका तोच थर नंतर उबेत बाळाच्या नाकाशी येतो. इन्क्युबेटरच्या हूडला (पारदर्शक झाकणाला) अल्कोहोल नको, ॲक्रिलिकला जाळीसारखे तडे जातात.

त्वचेसाठी: पोव्हिडोन आयोडीन अकाली जन्मलेल्या बाळाच्या त्वचेतून शोषलं जातं, थायरॉइड दबतं आणि तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढलेला येतो. क्लोरहेक्सिडीन, त्यातही अल्कोहोलमधलं, पाठीखाली किंवा काखेत साचलं तर रासायनिक भाजणं होतं. थोडंसंच घ्या, ओघळू देऊ नका, भिजलेलं कापड लगेच काढा, प्रक्रिया झाल्यावर निर्जंतुक पाण्याने पुसा.

फ्लशच्या (लाइन धुण्याच्या सलाईनच्या) कुपीवर बेंझिल अल्कोहोल आहे का तेही वाचा. १९८२ मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांचे मृत्यू याच परिरक्षकाशी जोडले गेले, त्याला 'गॅस्पिंग सिंड्रोम' म्हणतात. नवजात विभागात परिरक्षकाशिवायचंच सलाईन ठेवा, परिरक्षक असलेली कुपी तिथल्या कपाटात नकोच.

विभाग_परिचारिका:
खूप उपयोगी, दोघांचेही आभार. थ्री-वेचा मुद्दा यादीत नव्हताच, घातला. आता हातमोजे आणि लेबर रूमच्या साहित्याबद्दल कुणी सांगेल का? आणि बाटलीच्या दुधाचं काय? बाटल्या उकळायच्या, पावडरही गरम पाण्यात कालवायची. मग प्लास्टिकचं काय करायचं?

लेबररूम_प्रमुख:
ताई, हातमोज्यांपासून सुरू करा, इथे खर्च वाढत नाही, कमी होतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने २०१८ मध्ये विनाकारण हातमोजे घालणं थांबवायची मोहीम घेतली आणि वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचवलं. रक्तदाब, तापमान, तोंडाने औषध, दूध पाजणं, न माखलेली चादर बदलणं, धडधाकट त्वचेवर लसीचं इंजेक्शन: यांना मोजे लागत नाहीत, हात स्वच्छ लागतात. जन्मानंतर न पुसलेल्या बाळाला, रक्ताला, जखमेला, मलमूत्राला मोजे हवेतच. जे घ्याल ते नायट्राइलचे. 'व्हिनाइल' म्हणजे पीव्हीसीच.

स्पेक्युलम, किडनी ट्रे, बाउल, कात्री, क्लॅम्प स्टीलचे. गुंडाळलेला पॅक ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ३० मिनिटं, प्री-व्हॅक्युममध्ये १३२ अंशांवर ४ मिनिटं, वर सुकण्याचा वेळ. ओला निघालेला पॅक निर्जंतुक धरू नका. बिघडतं ते बहुतेक ऑटोक्लेव्हच्या आधी: रक्त वाळू दिलं, किंवा हत्यारं सलाईनमध्ये वा हायपोक्लोराइटमध्ये भिजत टाकली. दोन्हीतल्या क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतात आणि खड्ड्यात घाण अडकते. एन्झाइमच्या द्रावणात भिजवा, सांधे उघडे ठेवा.

तयार प्रसूती पॅक घेत असाल तर प्रत्येक पॅकमधलं न वापरता काय फेकलं जातं ते काही दिवस बादलीशेजारी लिहून ठेवा आणि तेवढं पुरवठादाराला काढायला सांगा. सलाईन-रक्ताच्या सुया, नळ्या, कॅथेटर मात्र पुन्हा वापरायच्या नाहीत. तिथे बचत करू नका. पीव्हीसीचा कचरा भट्टीत जाणार नाही हेही बघा, जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिन तयार होतात.

स्तनपान_सल्लागार:
बाटलीचं उत्तर: उष्णता कमी करू नका, प्लास्टिक गरम पाण्यापासून दूर ठेवा. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात असू शकणाऱ्या क्रोनोबॅक्टर जंतूसाठी डब्ल्यूएचओ किमान ७० अंशांचं पाणी सांगते, ते सोडायचं नाही. पण २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्यांमधून लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्मकण निघाले, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. तेव्हा कालवायचं काचेच्या किंवा स्टीलच्या निर्जंतुक भांड्यात, भांडं थंड पाण्यात ठेवून दूध पाजण्याइतकं निववायचं, आणि मगच बाटलीत ओतायचं. प्लास्टिकची बाटली उकळली असेल तर ते पाणी फेका, वेगळ्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून घ्या. जोरात हलवू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको.

'बीपीए-फ्री'वर फार भिस्त ठेवू नका, काही ठिकाणी त्याच्या जागी बीपीएस येतं आणि ते त्याच कुळातलं आहे. विभागासाठी काचेच्या बाटल्या घ्या, किंवा स्टीलचा छोटा कप. कपाने पाजताना तो खालच्या ओठावर टेकवून बाळाला स्वतः ओढू द्या, तोंडात ओतू नका. आईचं काढलेलं दूध साठवायला घट्ट झाकणाची काच चालते. गोठवणार असाल तर वर थोडी जागा सोडा, दूध फुगतं आणि काच तडकते.