अर्पण आहे म्हणजे आश्रय होता असं धरायचं का?

प्रश्न: मध्ययुगीन फ्रेंच ग्रंथांत सरदारघराण्यातल्या स्त्रियांची नावं प्रस्तावनेत खूप येतात. त्यांनी खरोखर ग्रंथ लिहवून घेतला, हे कशावरून ठरवायचं?

उत्तर १: नुसत्या अर्पणावरून नाही. कवी आश्रय मिळेल या आशेनेही नाव घालत. बाराव्या शतकातली काउंटेस मारी द शांपान्य हिचं उदाहरण भक्कम आहे. ‘लान्सलॉट’ या काव्याच्या प्रस्तावनेत कवी क्रेतियां द त्र्वा सांगतो की विषय आणि आशय दोन्ही काउंटेसने दिले. मात्र आपल्या हाती असलेल्या प्रती नंतरच्या, आणि नकलाकार प्रस्तावना जशीच्या तशी उतरवत. त्यामुळे अमुक प्रत तिच्या संग्रहातली, असं त्यावरून म्हणता येत नाही.

उत्तर २: माझा भर हिशेबाच्या कागदांवर. उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वाची काउंटेस माओ (मृत्यू 1329) हिचे जमाखर्च टिकलेत. पॅरिसचा ग्रंथविक्रेता तोमा द मोबझ तिला पुस्तकं पुरवायचा, हे त्यांतूनच कळतं. पण खरेदी म्हणजे नवनिर्मिती नव्हे. तयार पुस्तकही विकत घेतलं जाई, तेव्हा नोंद नीट वाचा.

उत्तर ३: चित्रंही बघा. ब्रिटिश लायब्ररीतल्या हार्ली 4431 या हस्तलिखितात लेखिका क्रिस्तीन द पिझां गुडघे टेकून फ्रान्सची राणी इझाबो (माहेर बव्हेरिया) हिला ग्रंथ देते आहे. भिंतीवरच्या पडद्यांत फ्रान्सची लिलीफुलं आणि बव्हेरियाचे निळे-पांढरे चौकट, म्हणजे सासर-माहेर दोन्ही! फक्त, राजचिन्हं पुढचे मालक पुसून आपली रंगवत. खरवडल्याच्या खुणा आधी तपासा.

प्रश्नकर्ता: बाराव्या शतकातली राणी एलिनोर ऑफ ॲक्विटेन, तिचं काय?

उत्तर १: तिथे जपून. तिच्या ‘प्रेमदरबारां’चा, म्हणजे प्रेमाच्या वादांवर निवाडे देणाऱ्या दरबारांचा, आधार आंद्रेआस कापेलानुस या लेखकाचा प्रेमावरचा लॅटिन ग्रंथ आहे. ते साहित्य आहे, दरबारी दफ्तर नव्हे.