युनियन बर्लिनचे मैदान समर्थकांनी बांधले, म्हणजे नेमके काय केले?

कोल्हापूरकर:
शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम या संघांचा फुटबॉल सामना असला की संघामागे अख्खी पेठ कशी उभी राहते, हे पाहतच मी मोठा झालो. त्यामुळे बर्लिनच्या युनियन या फुटबॉल क्लबाविषयी वाचताना एका ठिकाणी अडलो. त्यांचे मैदान समर्थकांनी श्रमदानाने उभारले, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. व्यावसायिक क्लबाच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे, की कौतुकाच्या भरात वाढवून सांगितले जाते?

बर्लिनवासी:
शब्दशः खरे आहे, मात्र ते मैदान तेव्हा नव्याने निर्माण झाले नाही, त्याची पुनर्बांधणी झाली. शहराच्या आग्नेयेस, कोपेनिक भागात रानाच्या कडेला असलेले हे मैदान 1920 सालचे. ‘आन डेअर आल्टन फोर्स्टराय’ या नावाचा अर्थ ‘जुन्या वनरक्षकाच्या घरापाशी’ असा होतो. कालांतराने उभे राहून सामना पाहण्याच्या पायऱ्या इतक्या खचल्या की तेथे वरच्या स्तरावरील सामने खेळवणेच अवघड झाले, आणि क्लबाकडे तर पैसे नव्हते. तेव्हा 2008 च्या उन्हाळ्यापासून दोन हजारांहून अधिक लोकांनी, कोणी कामावरून रजा काढून, कोणी सुटीच्या दिवशी येऊन, जुने काँक्रीट फोडले, नव्या पायऱ्या बसवल्या आणि छप्पर चढवण्याच्या कामालाही हात लावला. हे काम जाणकारांच्या देखरेखीखाली चालले होते. एकूण श्रम सुमारे 1,40,000 तासांचे भरले. जुलै 2009 मध्ये हेर्था या शहरातल्याच दुसऱ्या क्लबाविरुद्धच्या सामन्याने मैदान पुन्हा खुले झाले.

त्याआधी 2004 मध्ये क्लब आर्थिक संकटात असताना समर्थकांनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबाला दिला होता. पुढे 2011 मध्ये मैदानाच्या मालकीचे समभाग प्रत्येकी 500 युरोंना विकले गेले आणि हजारो समर्थक भागीदार झाले. मला सर्वाधिक भावते ते 2003 पासूनचे नाताळगायन: पहिल्या वर्षी 89 जण न विचारताच मैदानात शिरून गायले होते, आज तेथे सामन्याइतकी गर्दी होते.

इतिहासप्रेमी:
वरील माहितीला थोडी पार्श्वभूमी जोडतो. क्लब आजच्या रूपात 1966 मध्ये स्थापन झाला, पण त्याची मुळे ओबरशोनेवायडे या कारखान्यांच्या वस्तीत 1906 पर्यंत जातात. खेळाडूंना ‘लोहारकाम करणारी पोरे’ म्हणत, आणि ‘आयझर्न’, म्हणजे ‘लोखंडी’, ही त्यांची आरोळी आजही ऐकू येते. पूर्व जर्मनीच्या काळात गुप्त पोलिसांचे पाठबळ असलेला बर्लिनचाच डायनामो क्लब एकामागून एक अजिंक्यपदे मिळवत होता. त्या तुलनेत युनियनला पाठिंबा देणे ही अनेकांना मोकळा श्वास घेण्याची जागा वाटे. मात्र प्रत्येक समर्थक राजवटीचा विरोधक होता असे चित्र रंगवणे मला योग्य वाटत नाही. बरेच जण केवळ आपल्या वस्तीचा संघ म्हणून येत असत, आणि माझ्या मते त्यांची ही निष्ठा राजकीय बंडाहून कमी प्रतीची मुळीच नव्हे.

कोल्हापूरकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मग 2023 मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेचे घरचे सामने बर्लिनच्या मोठ्या ऑलिंपिक स्टेडियमवर नेले, ते समर्थकांना रुचले का?

बर्लिनवासी:
मतभेद झाले. आमच्या मैदानाची क्षमता सुमारे 22,000, त्यातील आसने फार थोडी, आणि सदस्यांची संख्या मात्र त्याच्या दुपटीहून अधिक. प्रत्येक सदस्याला सामना पाहता यावा म्हणून क्लबाने तो निर्णय घेतला. तो तर्क मला पटतो. तरीही बुंडेसलिगा या जर्मनीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतील आमच्या पहिल्या हंगामात, ऑगस्ट 2019 मध्ये, लाइपझिगविरुद्धच्या पहिल्या घरच्या सामन्याला लोक आपल्या दिवंगत वडिलांची, आजोबांची छायाचित्रे उंच धरून उभे होते, कारण हा दिवस पाहायला ती माणसे उरली नव्हती. ती छायाचित्रे ऑलिंपिक स्टेडियमच्या विस्तीर्ण धावपट्टीपलीकडून दिसली नसती.