मदत हवी: पोस्टमॉर्टेम रिपोर्टवरून मृत्यूची नेमकी वेळ कळते का?

डिचोलीकर: काकांच्या रिपोर्टात 'मृत्यू २४ ते ३६ तासांपूर्वी' एवढंच आहे. मंगळवारी रात्री साडेअकराला तिथी बदलली. मृत्यू त्याआधीचा की नंतरचा? वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. लवकर सांगा.

रानवाट: २४ तास कधीपासून मोजायचे? सापडले तेव्हापासून की शवविच्छेदनापासून? महिना कुठला? पंखा, एसी?

जुना_हवालदार: तीस वर्षं पंचनामे केले. १२ तासांत अंग ताठतं, १२ तास तसंच राहतं, पुढच्या १२ तासांत सैल पडतं. ताठ होते का ते सांगा, वेळ काढून देतो.

न्यायवैद्यक_शिकतेय: हवालदारकाका, तो हिशेब आपल्या उकाड्यात चुकतो. गरमीत ताठरता लवकर येते नि लवकर जाते, थंडाव्यात रेंगाळते. डिचोलीकर, पाठीवरचे लालसर-जांभळे डाग पक्के झाले होते का? पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट छटा होती का? जठरात काय मिळालं?

साळगावकरीण: मृत्यूदाखला घेतलात ना? पंचायतीत २१ दिवसांत नोंद केली तर फी पडत नाही.

डिचोलीकर: दाखला आहे हो! मे महिना. बुधवारी दुपारी चारला दार फोडलं, गुरुवारी सकाळी दहाला पोस्टमॉर्टेम. अंग पूर्ण ताठ, डाग पाठीवर पक्के, हिरवं काही नाही. जठरात अर्धवट पचलेला भात. एसी चालूच होता, १८ वर.

जुना_हवालदार: एसी आधी सांगायचा!

नदीकाठ: आमचा चुलतभाऊ शापोरा नदीत सापडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हवेत १ आठवडा म्हणजे पाण्यात २ आणि जमिनीत ८.

न्यायवैद्यक_शिकतेय: तो कुजण्याचा ढोबळ नियम, इथे उपयोगाचा नाही. डाग साधारण ६ ते १२ तासांत पक्के होतात. हिरवटपणा उन्हाळ्यात १२-१८ तासांत दिसतो, एसीत लांबतो. त्यात रात्रभर शीतपेटी.

रानवाट: मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघत नाहीत का?

न्यायवैद्यक_शिकतेय: बघतात. स्वादुपिंड लवकर विरघळतं, प्रोस्टेट बराच टिकतो. पण त्यावरून तास ठरत नाहीत. डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम तेव्हाच मोजायला हवं होतं. डिचोलीकर, काका जेवले कधी? शेवटचं कुणी पाहिलं?

डिचोलीकर: शेजारच्या वहिनीने मंगळवारी रात्री नऊला हुमण-भात दिला, ताट घासून पालथं घातलेलं होतं. दाराच्या कडीला पोदेराची (पाववाल्याची) पिशवी होती, आत चार उंडे (पाव). तो सकाळी सहाला येतो. काका त्याच्या भोंग्याचं पोंऽपों ऐकताच उठायचे, एक दिवस चुकला नाही. आम्ही पिशवी उचलली तेव्हा उंडे लाकडासारखे झाले होते. हे सगळ्यांना ठाऊकच होतं, म्हणून लिहिलं नाही.

न्यायवैद्यक_शिकतेय: दादा, रिपोर्टपेक्षा मोठी गोष्ट हीच आहे. नऊ ते सहा एवढीच वेळ उरली. भात अर्धवट होता म्हणजे जेवल्यावर काही तासांतच. पण आजारपणात पचन मंदावतं, म्हणून साडेअकराच्या अलीकडे की पलीकडे हे शपथेवर कुणी सांगणार नाही.

शास्त्रीबुवा: श्राद्धाला मृत्यूक्षणीची तिथी धरतात. ती ठरतच नसेल तर त्या महिन्याची अमावास्या घ्या.

डिचोलीकर: वहिनीला विचारलं. त्या रात्री बाराला काकांच्या न्हाणीतला बल्ब चालू दिसला होता. हे तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

न्यायवैद्यक_शिकतेय: आणि बुधवारी दार फोडलं तेव्हा बल्ब चालू होता की बंद?