मदत हवी आहे: बेसबॉलचा कोणता हंगाम निवडावा?

मंडळी, आम्ही काही मित्र मिळून बेसबॉलच्या एका अलीकडच्या हंगामावर मराठीत पॉडकास्ट मालिका करतोय. ऐकणारे क्रिकेटवर वाढलेले, त्यामुळे गोष्टच इतकी दमदार हवी की नियम ओघात कळत जावेत.

माझं मत २०१९च्या वॉशिंग्टन नॅशनल्सला. मे महिन्यात हंगामाचा एकूण हिशेब १९ विजय, ३१ पराभव; व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझला काढा अशी ओरड सुरू झालेली. तिथून हा संघ थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकतो! ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजविरुद्धच्या सातही सामन्यांत पाहुणा संघच जिंकला. मान आखडल्यामुळे नॅशनल्सचा पिचर (चेंडू फेकणारा) मॅक्स शर्झर पाचवा सामना खेळू शकला नाही आणि निर्णायक सातव्याची सुरुवात त्यानेच केली. त्याच सामन्यात नॅशनल्सच्या हॉवी केंड्रिकचा फटका उजवीकडच्या फाउल पोलवर (मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबावर) आदळून होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा) ठरला. त्या एका फटक्यावर पूर्ण भाग करावा असं मला वाटतं.

एक मित्र २०१६च्या शिकागो कब्जवर अडून बसलाय. १०८ वर्षांनंतरचं विजेतेपद, मान्य. पण त्यावर बरंच सांगून झालंय. याहून सरस हंगाम कुणाला आठवतो का?

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. अ‍ॅस्ट्रोजचं २०१७चं खुणा चोरण्याचं (कॅचर पिचरला करतो ते इशारे कॅमेऱ्याने टिपून आपल्या फलंदाजाला कळवण्याचं) प्रकरण या अंतिम मालिकेनंतर काही दिवसांतच फुटलं. ते आधीच सांगावं की शेवटी?

आणि वॉशिंग्टन परिसरातल्या कुणी तेव्हाचे सामने मैदानात पाहिले असतील, तर आमच्याशी बोलाल का?