ओटावाच्या थंडीत हीट पंप निवडताना नेमके काय पाहावे?

रिडोकाठी (ओटावा):

नमस्कार. आमचे घर ओटावाच्या दक्षिण भागात आहे. बांधकाम १९९८ सालचे असून दोन मजले मिळून सुमारे १९०० चौरस फूट जागा आहे. तळघरात घर तापवणारी, तासाला ८०,००० बीटीयू (उष्णतेचे माप) क्षमतेची, गॅसवर चालणारी फर्नेस आहे. ती अजून व्यवस्थित चालते, पण तिच्या जोडीचा एसी गेल्या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. एसी बदलायचाच आहे, तर उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारा हीट पंपच का घेऊ नये, असा विचार मनात आला आणि तिथून डोकेदुखी सुरू झाली.

तीन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्याने घरात फेरीसुद्धा न मारता फर्नेसवरची पट्टी वाचली आणि 'चार टन लागेल' (टन हे पंपाच्या क्षमतेचे माप) असे सांगितले. दुसऱ्याने थंड हवामानासाठी बनवलेला तीन टनी पंप सुचवला. त्याच्या तक्त्यात उणे १५ अंशांना ३४,००० आणि उणे २५ ला २६,००० बीटीयू असे आकडे आहेत, पण किंमत साध्या तीन टनी पंपापेक्षा बरीच जास्त आहे. साध्या पंपाचा आकडा उणे १५ ला १७,००० वर येतो आणि उणे २० च्या खाली तो बंदच होतो. तिसरा म्हणाला, 'इथल्या थंडीत हीट पंप चालतच नाहीत, एसी घ्या आणि मोकळे व्हा.'

आई-बाबा डिसेंबरात साताऱ्याहून येतात आणि बाबांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे रात्री घर गार पडलेले चालणार नाही. किती क्षमतेचा पंप घ्यावा, महागड्या पंपाचे जास्तीचे पैसे वसूल होतात का आणि फर्नेस काढून टाकावी का, असे माझे तीन प्रश्न आहेत. विजेचे पॅनेल १०० अँपिअरचे आहे. जानेवारीत गॅस ३९० घनमीटर लागला, उन्हाळ्यात केवळ गरम पाण्यासाठी महिन्याला सुमारे ४० लागतो. वापरानुसार आकारले जाणारे सगळे धरून गॅस घनमीटरला ३८ सेंट आणि वीज युनिटला सरासरी १२ सेंट पडते.

उष्णतामापी (विनिपेग):

घरांची उष्णतेची गरज मोजणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही बिलातले आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच दडलेले आहे.

जानेवारीच्या ३९० मधून गरम पाण्याचे ४० वजा केले की ३५० घनमीटर उरतात. एका घनमीटरमध्ये सुमारे १०.४ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि तुमची फर्नेस त्यातली ९२ टक्के घरात पोचवते असे धरले, तर महिनाभरात सुमारे ३,३५० किलोवॅट-तास उष्णता घराला लागली. महिन्याचे ७४४ तास. म्हणजे सरासरी ४.५ किलोवॅट. ओटावात जानेवारीचे सरासरी तापमान उणे १० च्या आसपास असते. घरातली माणसे, स्वयंपाक आणि खिडक्यांतून येणारे ऊन यांच्यामुळे बाहेर १७ अंशांपर्यंत बहुतेक घरांना वेगळी ऊब लागत नाही, म्हणून फरक २७ अंशांचा धरू. एका अंशामागे ०.१६७ किलोवॅट असा हिशेब निघतो. ओटावासाठी बांधकाम संहितेत हिवाळ्याचे आधारभूत तापमान (ज्या थंडीला घराची गरज भागलीच पाहिजे ते) उणे २५ दिलेले आहे. तिथे फरक ४२ अंशांचा होतो आणि गरज ७ किलोवॅट, म्हणजे सुमारे २४,००० बीटीयू ठरते.

आता फर्नेसवरच्या ८०,००० या आकड्याकडे पुन्हा पाहा. वर्षातल्या जवळजवळ सर्वांत कडाक्याच्या रात्रीसुद्धा घराला जेवढे लागते, त्याच्या तिपटीहून मोठी फर्नेस तुमच्याकडे बसलेली आहे. सर्रास असेच होते, कारण मोठी फर्नेस बसवल्याबद्दल कंत्राटदाराला कोणी जाब विचारत नाही. तो आकडा वाचून पंप ठरवणे म्हणजे मोठ्या भावाच्या सदऱ्यावर धाकट्याचे माप घेणे होय. चार टनी पंप ऑक्टोबरात, बाहेर ८ अंश असताना, अधिकच अडचणीचा ठरेल, कारण तेव्हा घराला जेमतेम ५,००० बीटीयू लागतात आणि एवढे मोठे यंत्र तितक्या कमी वेगावर चालू शकत नाही. ते सतत चालू-बंद होत राहते, कॉम्प्रेसर झिजतो आणि उन्हाळ्यात हवेतला दमटपणा कमी होत नाही. माझा हिशेब मात्र अंतिम मानू नका. कंत्राटदाराकडून सीएसए एफ२८० या कॅनडाच्या मानकानुसार केलेली मोजणी लेखी मागा. ती द्यायला जो कां-कूं करील त्याला चहा पाजून परत पाठवा.

'टन' या शब्दाने सगळा घोळ होतो. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू हे खरे, पण तो आकडा उन्हाळ्यात थंड करण्याच्या क्षमतेचा असतो. हिवाळ्यात बाहेरच्या हवेतून उष्णता ओढायची, तर बाहेरच्या कॉइलमधला (नळ्यांच्या वेटोळ्यातला) रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, त्या हवेपेक्षाही गार तापमानाला उकळावा लागतो. थंडी वाढते तशी त्याची वाफ विरळ होते, कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात कमी वस्तुमान ओढले जाते आणि घराची गरज वाढत असतानाच यंत्राची ताकद घटते. थंड हवामानासाठीच्या यंत्रांत कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरू शकतो आणि बहुतेकांत दाबण्याच्या प्रक्रियेच्या मध्यावर थोडी वाफ आत सोडण्याची सोय असते, म्हणून ती तग धरतात. म्हणून टन आणि ब्रँड दोन्ही बाजूला ठेवून उणे १५ आणि उणे २५ या दोन ठिकाणचे आकडे विचारा. ईशान्य अमेरिकेतील 'नीप' या संस्थेची यादी सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात प्रत्येक यंत्राची वेगवेगळ्या तापमानांची क्षमता दिलेली असते. त्या यादीत येण्यासाठी उणे १५ ला, घेतलेल्या विजेच्या किमान पावणेदोन पट उष्णता द्यावी लागते.

तुमच्या दुसऱ्या कोटेशनमधले २६,००० बीटीयू घराच्या २४,००० च्या गरजेला पुरे पडतात. माझे मत तेच घ्यावे असे आहे. तुमच्या फर्नेसचे वय तुम्ही लिहिलेले नाही, पण ती पाच-सात वर्षांत गेली, तर एकटा पंप घर सांभाळू शकेल.

मिनीआपोलिसकर:

उष्णतामापी यांचे गणित मान्य आहे, निष्कर्ष तितकासा मान्य नाही. आमच्याकडेही आधारभूत तापमान उणे २४ च्या आसपास आहे आणि ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे ३३ नोंदवले गेले. ती रात्र लक्षात असल्यामुळे २०२४ मध्ये पंप बसवताना मी गॅसची फर्नेस ठेवली. (तेव्हा केंद्र सरकारच्या करातून खर्चाच्या ३० टक्के, कमाल २००० डॉलर सूट मिळाली, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या पंपांना ती मिळत नाही, हे अमेरिकेतल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

फर्नेस ठेवायची असेल, तर एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पंपाची कॉइल फर्नेसच्या वर बसते, म्हणून फर्नेस पेटली की पंप थांबतो. दोघे एका वेळी चालत नाहीत. कोणत्या तापमानाला एकाकडून दुसऱ्याकडे जायचे, एवढेच ठरवायचे असते. तुमच्या दरांनी गॅसची उष्णता युनिटला सुमारे ४ सेंट पडते आणि वीज १२ सेंट आहे, म्हणजे पंपाने विजेच्या तिप्पट उष्णता दिली तरच बरोबरी होते. चांगला पंप हे साधारण शून्य अंशापर्यंत करतो, उणे १५ ला दुपटीच्या आसपास येतो. १ एप्रिल २०२५ पासून कॅनडात घरगुती गॅसवरचा कार्बन आकार रद्द झाल्यामुळे गॅसचे पारडे आणखी जड झाले आहे. शून्याच्या खाली फर्नेसच चालवणार असाल, तर उणे २५ ला पुरून उरणाऱ्या यंत्राचे जादा पैसे कशासाठी द्यायचे, हा माझा प्रश्न आहे.

यंत्राइतकेच ते कुठे आणि कसे बसवतात यालाही महत्त्व आहे, हे मी खड्ड्यात पडून शिकलो. आमच्या कंत्राटदाराने बाहेरचे यंत्र वळचणीखाली, जमिनीलगतच्या सिमेंटच्या लादीवर ठेवले. छतावरचे बर्फ दुपारी वितळू लागले की पागोळ्या थेट पंख्याच्या जाळीवर पडत आणि रात्री तिथेच गोठत. त्यात भर म्हणजे पंप दर काही वेळाने स्वतःच्या कॉइलवरचे हिम वितळवतो. तेव्हा यंत्रातून वाफेचा लोट उठतो आणि खाली पाणी ठिबकते. ते पाणी वाहून जायला जागा नव्हती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पंख्यातून खडखडाट ऐकू आला म्हणून मी बाहेर गेलो, तर लादीवर वीतभर जाडीचा बर्फाचा थर चढून पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचला होता. शेवटी दीड फूट उंचीचा लोखंडी स्टँड आणि वर छोटे छप्पर करून घेतले, स्वतःच्या खर्चाने.

आणखी एक. फर्नेसची हवा झरोक्यातून ५० अंशांहून अधिक तापून येते, तर पंपाची ३५ ते ४० अंशांची असते. पहिल्या आठवड्यात सासूबाई झरोक्यावर हात धरून म्हणाल्या, 'अहो, यातून गार हवा येतेय.' थर्मोस्टॅट २१ दाखवत होता आणि खोली खरोखरच २१ होती, पण अंगावर येणारी हवा कोमट होती. तेवढीच उष्णता पोचवायला हवा जास्त लागते. तेव्हा हवा खोल्यांत नेणारे जुने डक्ट अरुंद नाहीत ना, हे आधी तपासून घ्या. बाबांचा पलंग झरोक्याच्या झोतात नको, हेही जाता जाता सांगतो.

टाम्पेरेहून (फिनलंड):

तुमच्या तिसऱ्या कंत्राटदारापुरते बोलतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार नॉर्वेत सुमारे ६० टक्के, तर स्वीडन आणि फिनलंडमध्ये ४० टक्क्यांहून अधिक इमारतींत हीट पंप आहेत. आमच्या गल्लीत हिवाळ्यात सगळीकडे त्यांचीच घरघर असते. अर्थात इथे गॅसची वाहिनी घरोघरी नाही आणि लोकांची तुलना विजेच्या साध्या हीटरशी किंवा तेलाशी असते, म्हणून पंप सहज जिंकतो. तुमच्या ओंटारियो प्रांतात तो स्वस्त गॅसशी लढतो आहे. तुमची अडचण भावाची आहे. 'चालतच नाही' असे म्हणणाऱ्याने बहुधा वीस वर्षांपूर्वीची यंत्रे पाहिलेली आहेत.

रिडोकाठी (ओटावा):

तिघांचेही आभार. फर्नेस २०१४ ची आहे. ती काढून तिच्या जागी घर तापवणारी विजेची राखीव कॉइल बसवायची, तर १० किलोवॅटसाठी २४० व्होल्टवर ४२ अँपिअर लागतात. पंप आणि विजेची शेगडी धरून १०० अँपिअरच्या पॅनेलवर ते जमणार नाही आणि पॅनेल बदलण्याचा खर्च वेगळाच. त्यामुळे फर्नेस राहील, हे निश्चित केले.

महागडा पंप घ्यावा की साधा, यावर मात्र काल रात्री बसून पुन्हा हिशेब केला. ओंटारियोत २०२३ पासून रात्री ११ ते सकाळी ७ अतिस्वस्त वीज देणारा एक दर निवडता येतो. बदल्यात कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ वीज फार महाग पडते. आमच्याकडे वीजवहनाचा आकार धरूनही रात्रीचे युनिट ६ सेंटच्या आसपास येते. तेव्हा बरोबरीसाठी पंपाने तिप्पट नव्हे, दीडपटच द्यायचे आहे, आणि ते तो उणे १५ लाही सहज देतो. सर्वांत कडाक्याची थंडी नेमकी याच तासांत असते. साधा पंप तेव्हा अपुरा पडून फर्नेसला हाक मारील, थंड हवामानाचा पंप रात्रभर घर सांभाळील आणि संध्याकाळच्या महाग तासांत फर्नेस चालेल. तापमानाबरोबर वेळेनुसारही अदलाबदल करणारा थर्मोस्टॅट मिळतो का?

उष्णतामापी (विनिपेग):

मिळतो, पण सगळे थर्मोस्टॅट दोन इंधनांच्या जोडीला वेळापत्रक लावू देत नाहीत. शिवाय काही पंप फक्त स्वतःच्याच कंपनीच्या नियंत्रकाशी जोडले तरच वेग कमी-जास्त करत चालतात आणि इतरांशी नुसते चालू-बंद होतात. ते झाले तर तुम्ही ज्यासाठी जादा पैसे दिलेत तेच हातचे गेले. हा प्रश्न कंत्राटदाराला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

मिनीआपोलिसकरांचे म्हणणे सरासरी दरावर बरोबर होते, तुमचे रात्रीच्या दरावर बरोबर आहे. मला हे सुचायला हवे होते, पण आमच्या मॅनिटोबा प्रांतात असा रात्रीचा दर नसल्याने लक्ष गेले नाही. रात्री तापमान उतरवून पहाटे चढवण्याची सवय असेल, तर ती सोडा; स्वस्त तासांत घर एकसारखे २१ वर ठेवा, म्हणजे बाबांनाही त्रास नाही आणि पहाटे पंपावर एकदम ताण येऊन फर्नेस उगाच पेटणार नाही. कोटेशनमध्ये रेफ्रिजरंट कोणता आहे तेही पाहून घ्या: आर-४१०ए मागे पडत चालला आहे आणि नवी यंत्रे आर-३२ किंवा आर-४५४बी वर येत आहेत, तेव्हा गोदामात उरलेले जुने यंत्र नव्याच्या भावात गळ्यात पडू नये. स्टँड किमान दीड फुटाचा, वळचणीपासून दूर, आणि खाली खडी टाकून पाण्याला वाट, एवढे करारात शब्दशः लिहून घ्या.